जोन बाएझ : १९७९ चं ते पत्र तिने लिहायला हवं होतं का?

रानवाट

गायक बॉब डिलनवरचा सिनेमा येऊन गेल्यापासून घरातली तरुण मंडळी विचारतात, "जोन बाएझ म्हणजे ती डिलनची मैत्रीण ना?" फार लागतं मनाला. अमेरिकेतली लोकगीतं गाणारी ही मोठी गायिका. १९६३ साली गर्दी व्हायची ती तिच्या कार्यक्रमांना, आणि ती मध्येच त्या फारशा माहीत नसलेल्या पोराला मंचावर बोलावून गायला लावायची. त्याच्याही आधी, नोव्हेंबर १९६२ मध्ये, 'टाइम'च्या मुखपृष्ठावर तिचं चित्र आलं होतं.

पण हा धागा डिलनसाठी नाही. मला बोलायचंय ते १९७९ च्या पत्राबद्दल.

ज्यांना पार्श्वभूमी नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाएझचा व्हिएतनाम युद्धाला अगदी सुरुवातीपासून विरोध. १९६४ मध्ये तिने सरकारला कळवलं की माझ्या आयकरातला ६० टक्के वाटा लष्करावर जातो, तेवढा मी भरणार नाही. १९६७ मध्ये ओकलंडच्या लष्करभरती केंद्राच्या दारात ठिय्या दिला म्हणून अटक, सुटल्यावर पुन्हा तेच, पुन्हा अटक. नवरा डेव्हिड हॅरिस भरतीला नकार दिला म्हणून तुरुंगात. डिसेंबर १९७२ मध्ये ती अमेरिकन युद्धकैद्यांची टपाल घेऊन चार जणांच्या गटातून उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत, हनोईला, गेली आणि नेमकी तेव्हाच निक्सनची बी-५२ विमानं शहरावर आली. नाताळातला तो भडिमार तिने तळघरात बसून सोसला.

आणि मग मे १९७९. युद्ध संपून चार वर्षं झालेली. अमेरिकेतल्या मोठ्या वर्तमानपत्रांत पानभर मजकूर: व्हिएतनाम सरकारला अनावृत पत्र. तुमच्या 'पुनर्शिक्षण' छावण्यांत हजारो माणसं खटल्याशिवाय डांबलेली आहेत, छळ चाललाय, हे थांबवा. खाली ऐंशीहून जास्त सह्या. डॅनियल बेरिगन, ॲलन गिन्सबर्ग अशी युद्धविरोधी चळवळीतलीच माणसं. पण त्याच चळवळीतल्या पुष्कळांनी सही नाकारली, अभिनेत्री जेन फोंडा त्यांतली सगळ्यांत प्रसिद्ध. बाएझवर फितुरीचे आरोप झाले.

माझं मत असं की तिच्या सगळ्या कामात हे पत्र सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचं. १९६३ च्या नागरी हक्कांसाठीच्या वॉशिंग्टन मोर्चात गाताना तिच्या बाजूने अडीच लाख लोक होते. इथे तिचेच लोक विरोधात गेले. तुम्हाला काय वाटतं?

तंबोरा

विषय छान, सविस्तर लिहिते नंतर. तोवर एवढंच, की तो आवाज नसता तर तिचं पत्र कुणी छापलं असतं का? आधी गाणं, मग बाकी सगळं.

चौथा_खांब

रानवाट, पार्श्वभूमी अर्धीच दिलीत. १९७९ चं साल डोळ्यांपुढे आणा. जानेवारीत व्हिएतनामने कंबोडियातून तिथला हुकूमशहा पोल पॉट याला हाकललं, म्हणजे त्या काळातला सगळ्यांत भयानक नरसंहार थांबवला. फेब्रुवारीत चीनने त्याबद्दल व्हिएतनामवर हल्ला केला. अमेरिकेचे आर्थिक निर्बंध चालूच. रसायनं फवारून जंगलं आणि शेतं जाळलेली, वर एक दमडी भरपाई नाही. अशा चहूबाजूंनी घेरलेल्या देशाला अमेरिकन वर्तमानपत्रांतून जाब विचारायचा? मजकूर खरा असेल हो, पण त्याचा उपयोग कोणी करून घेतला? युद्ध बरोबरच होतं असं म्हणणाऱ्यांनी. तिच्या हेतूबद्दल मला शंका नाही, वेळेबद्दल आहे.

गोंधळी

मला एक वेगळाच प्रश्न पडतो. आपल्याकडे अमर शेख, अण्णाभाऊ, गव्हाणकर यांनी १९४४ ला लाल बावटा कलापथक काढलं. गिरणगावात कामगारांसमोर गायचे ते स्वतः कामगारांतलेच होते. अण्णाभाऊंनी मुंबईत पडेल ते काम केलं, वामनदादा कर्डकांनी आयुष्य वस्त्या-वस्त्यांत काढलं. त्यांना 'कोणाच्या बाजूने' हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. बाएझ प्राध्यापकाची मुलगी, विशीच्या आत प्रसिद्ध. ती प्रत्येक लढ्यात पाहुणी. म्हणून तिला एक बाजू सोडून दुसरीकडे जाणं सोपं गेलं असं मला वाटतं.

मोरपंखी

वाचतेय. गोंधळींचा मुद्दा विचार करण्यासारखा.

सावरीचं_बोंड

गोंधळी, 'पाहुणी' हा शब्द मला पटत नाही. मी कॅलिफोर्नियात राहते, इथे तिच्याबद्दल जुन्या लोकांकडून बरंच ऐकलंय, वाचलंय.

वडील आल्बर्ट बाएझ मेक्सिकोत पुएब्लाला जन्मलेले. भौतिकशास्त्रज्ञ, क्ष-किरण सूक्ष्मदर्शकाच्या जनकांपैकी एक. शीतयुद्धाच्या काळात संरक्षण खात्याच्या कामात अशा माणसाला वाट्टेल तेवढा पगार मिळाला असता. घर क्वेकर या युद्धविरोधी ख्रिस्ती पंथाचं झालं आणि त्यांनी ती कामं नाकारली. १९५१ मध्ये युनेस्कोच्या कामासाठी सगळं कुटुंब बगदादला गेलं, तिथली गरिबी तिने दहाव्या वर्षी पाहिली. परत आल्यावर शाळेत सावळा रंग आणि मेक्सिकन आडनाव यांवरून गोऱ्या मुली जवळ करत नसत, आणि स्पॅनिश येत नाही म्हणून मेक्सिकन मुलीही नाहीत. त्या एकटेपणात गाणं सुरू झालं.

आणि ती नुसती गाऊन घरी गेलेली नाही. सप्टेंबर १९६६ मध्ये मिसिसिपीतल्या ग्रेनाडा गावात काळ्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत नेऊन सोडायचं होतं. आदल्या काही दिवसांत तिथे जमावाने मुलांना साखळ्या-काठ्यांनी मारलं होतं. मार्टिन ल्यूथर किंग मुलांना घेऊन चालले तेव्हा ती त्यांच्या सोबत होती. दक्षिणेतल्या तिच्या कार्यक्रमांच्या करारात अटच असायची की काळे-गोरे एकत्र बसतील. आणि काळ्या लोकांना एरवीही सभागृहात यायला अडचण होते हे कळल्यावर तिने काळ्यांच्या कॉलेजांमध्येच कार्यक्रम केले, म्हणजे ऐकायचं असेल तर गोऱ्यांनी तिथे यावं.

गोंधळी

सावरी, करारातल्या अटीचं माहीत नव्हतं. हे आवडलं. पण माझा मुद्दा तिच्या धैर्याबद्दल नाही. शाहीर पोवाडा म्हणतो तेव्हा समोरचा माणूस त्यात स्वतःला ऐकतो. बाएझचा सुरुवातीचा श्रोता कोण? कॉलेजातली सुखवस्तू मुलं. ती गायची काय? इंग्लंड-स्कॉटलंडची जुनी कथागीतं, राजकन्या आणि दर्यावर्दी.

तंबोरा

आता लिहितेच.

पहिली ध्वनिमुद्रिका १९६० ची. मॅनहटनमधल्या एका हॉटेलच्या नाचाच्या हॉलमध्ये ध्वनिमुद्रण झालं. एरवी तिथे बिंगोचा खेळ चालायचा. दोन-तीन मायक्रोफोन, तिची गिटार, काही गाण्यांना फ्रेड हेलरमनची दुसरी गिटार, बस. आज हेडफोन लावून ऐका. अंगठा खालच्या तारांवर एकसारखा ठेका धरून चाललेला असतो आणि पहिली दोन बोटं वरच्या तारांवर सूर उचलत जातात. मी कैक वर्षं गिटार शिकवते. मुलांना अंगठ्याचा ठेका जमला की बोटं अडखळतात, बोटं जमली की अंगठा थांबतो. ही अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी दोन्ही करून वर तारसप्तकात कंप घेत गाते आणि शब्द एकही तुटत नाही.

गोंधळी, राजकन्या आणि दर्यावर्दी खरंच. पण त्या कथागीतांत मरतं कोण हे बघा. फसवलेली मुलगी, फाशी जाणारा गरीब, युद्धावरून न परतलेला शिपाई. आपल्या ओव्यांतही सासरचा जाच असतोच की. पुढे जे झालं त्याचं बी त्यातच होतं.

एक मात्र मान्य करायला हवं. ती स्वतः गीतं लिहायला उशिरा लागली, साठच्या दशकाच्या शेवटी. लेखणीची खरी ताकद १९७५ च्या 'डायमंड्स अँड रस्ट'मध्ये दिसली. तोवर लोकगीतापासून रॉकपर्यंतच्या वाद्यमेळातही ती सहज रुळली होती.

पुरणपोळी_प्रेमी

तंबोराताई, तो अंगठ्याचा ठेका मला अजून जमत नाही. माझी गिटार आता फक्त पाहुण्यांना दाखवायला. मुलगी म्हणते, बाबा, शांततेसाठी तुमचंही योगदान आहेच. :)

मीरा_नागपूरकर

मी वयाने इथे बहुधा सगळ्यांत मोठी असेन. १९७१ सांगते. पूर्व बंगालातून निर्वासितांचे लोंढे येत होते. त्या वर्षाच्या शेवटी पत्रावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचं निर्वासित मदतीचं जादा तिकीट लावावं लागायचं, नसलं तर पोस्टमन हुज्जत घालायचा. मी तेव्हा शाळेत. ती तिकिटं जमवलेली अजून आहेत माझ्याकडे.

बाएझने त्याच काळात बांगलादेशावर गाणं लिहिलं. जॉर्ज हॅरिसन आणि रविशंकर यांची न्यूयॉर्कची मैफल सगळ्यांना ठाऊक आहे, हिचं गाणं फारसं कुणाला ठाऊक नाही. ढाका विद्यापीठाच्या वसतिगृहात झोपलेल्या विद्यार्थ्यांवर लष्कराने गोळ्या चालवल्या, ते त्यात आहे. तेव्हा तिचं सरकार पाकिस्तानच्या पाठीशी होतं. नंतर डिसेंबरात त्यांनी 'एंटरप्राइज' जहाज आपल्यावर दबाव आणायला बंगालच्या उपसागरात धाडलं. सातवं आरमार म्हटलं की आमच्या पिढीला तेच आठवतं.

रानवाट

मीराताई, सातव्या आरमाराचं नाव काढलंत ते फार बरं केलंत. त्याचा १९७९ च्या गोष्टीशी थेट संबंध आहे.

पत्रानंतर बाएझ गप्प बसली नाही. व्हिएतनाममधून माणसं मोडक्या होड्यांतून समुद्रात निघत होती. चाचे लुटत होते, होड्या बुडत होत्या, शेजारचे देश किनाऱ्याला लागू देत नव्हते. जुलै १९७९ मध्ये तिने वॉशिंग्टनला लिंकन स्मारकापाशी कार्यक्रम केला आणि तिथून लोक मेणबत्त्या घेऊन व्हाइट हाउसच्या कुंपणापर्यंत चालत गेले. राष्ट्राध्यक्ष कार्टर बाहेर कुंपणाशी आले आणि सातव्या आरमाराला या होड्या शोधून माणसं वाचवायला पाठवतो असं सांगितलं. आठ वर्षांपूर्वी आपल्याला धमकावायला आलेलं तेच आरमार.

चौथा_खांब, वेळेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते सगळं खरं आहे. निर्बंध, चीनचा हल्ला, पोल पॉट, सगळं. पण छावणीत कोंडलेल्या माणसाला आपण काय सांगणार? तुझ्या सरकारची सध्या अडचण आहे, तू जरा थांब?

चौथा_खांब

असं कोण म्हणतंय? पण मग पत्रात वॉशिंग्टनलाही जाब हवा होता. निर्बंध उठवा, भरपाई द्या, रसायनांनी ज्यांच्या घरांत व्यंग असलेली मुलं जन्मली त्यांच्यासाठी काही करा. दोन पत्रं शेजारी शेजारी छापली असती तर मी पहिल्याच दिवशी सही केली असती.

सावरीचं_बोंड

वॉशिंग्टनला जाब विचारण्यातच तिची आधीची पंधरा वर्षं गेली होती, चौथा_खांब. कर भरला नाही म्हणून आयकर खात्याने काय केलं ठाऊक आहे? घर, गाडी, जमीन यांवर बोजा चढवला. कधी माणसं थेट कार्यक्रमाच्या तिकीट खिडकीवर यायची आणि जमलेल्या रोकडीतून आपली रक्कम उचलून न्यायची. पैसे शेवटी सरकारकडे जायचेच, वर दंड आणि व्याज. तरी तिने अनेक वर्षं तो नकार चालू ठेवला, दरवेळी त्यांना येऊन वसूल करायला लावलं.

पुरणपोळी_प्रेमी

हे वाचून आमच्या सीएला मेसेज केला. उत्तर आलं: "ऐका फक्त, अनुकरण करू नका." :D

गोंधळी

:) सीए हुशार आहे.

करनकार म्हटलं की बार्डोली आठवते. त्या बाईला हे सगळं गांधींकडूनच आलं का?

रानवाट

बऱ्याच अंशी. तिचे गुरू आयरा सँडपर्ल, पालो आल्टोचे, गांधींच्या वाचनात मुरलेले. १९५६ मध्ये शाळकरी वयात तिने किंगना एका क्वेकर तरुण-मेळाव्यात बोलताना ऐकलं, तेव्हा बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध माँटगोमेरीचा बस बहिष्कार चालू होता. शाळेत असतानाच अणुहल्ल्याच्या सरावाच्या वेळी सगळ्यांना घरी पाठवत होते. ही वर्गातून उठलीच नाही. वडिलांच्या पुस्तकांत बघून तिने काढलं होतं की मॉस्कोहून क्षेपणास्त्र यायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात कुणी घरी पोचूच शकत नाही, मग हे सोंग कशाला?

१९६५ मध्ये सँडपर्ल यांच्यासोबत तिने कार्मेल व्हॅलीत अहिंसेच्या अभ्यासाची संस्था काढली, पैसे तिच्या गाण्याचे. शेजारच्या बंगलेवाल्यांनी परवानगी रद्द व्हावी म्हणून अर्ज केले. तिथे वाचन, चर्चा आणि बराच वेळ नुसतं मौन पाळून बसणं चाले.

१९६७ च्या अटकेत तिची आईही सोबत तुरुंगात होती. जानेवारी १९६८ मध्ये किंग स्वतः सांता रिटा तुरुंगात तिला आणि सँडपर्लना भेटायला गेले. पुढे तीन महिन्यांच्या आत किंग यांची हत्या झाली.

तंबोरा

हनोईच्या ध्वनिमुद्रिकेचं कुणीच काढलं नाही. १९७३ ची. एक बाजू नेहमीसारखी, वेगवेगळी गाणी. दुसरी संपूर्ण बाजू म्हणजे वीस मिनिटांहून मोठं एकच सलग काम. तिने सोबत साधं कॅसेट यंत्र नेलं होतं. भोंगे, विमानविरोधी तोफा, तळघरातली माणसांची कुजबूज, बॉम्ब, मध्येच कुणाचं हसणं, आणि या सगळ्यावर ती पियानोच्या साथीने अर्धं बोलत अर्धं गात सांगते. उद्ध्वस्त वस्तीत एक बाई आपल्या मुलाला हाका मारत फिरत होती, तिचा आवाज त्यात आहे. संगीत म्हणून ते कुठल्याच साच्यात बसत नाही. मी वर्गात वाजवलं तेव्हा मुलं नंतर बराच वेळ काही वाजवायलाच तयार नव्हती.

गोंधळी, ज्या बाईने त्या आईचा टाहो स्वतः मुद्रित करून आणला, तिला सहा-सात वर्षांनी त्याच देशातल्या दुसऱ्या आया येऊन सांगत होत्या की आमची मुलं छावणीत आहेत. तिने काय करायचं होतं? 'बाजू सोडणं सोपं गेलं' हे मला तिथे मुळीच पटत नाही.

गोंधळी

हं. हे उत्तर मला लागलं. ऐकतो ती बाजू.

मोरपंखी

पण पत्रानंतर ती 'तिकडची' झाली का? म्हणजे उजव्यांनी तिला उचलून धरलं असेल ना?

रानवाट

प्रयत्न झालाच. पण ती कुणाच्या हाती लागणारी नव्हती. १९८१ मध्ये लॅटिन अमेरिकेच्या दौऱ्यावर गेली. ब्राझील, अर्जेंटिना, चिली, सगळीकडे उजवे हुकूमशहा, अमेरिकेचे मित्र. जाहीर कार्यक्रमांवर बंदी, पाळत, जिवे मारण्याच्या धमक्या. त्याआधी १९७४ मध्ये तिने स्पॅनिशमध्ये पूर्ण ध्वनिमुद्रिका केली होती, पिनोशेच्या राजवटीत भरडल्या जाणाऱ्या चिलीच्या लोकांसाठी. त्यात चिलीचेच गायक व्हायोलेटा पारा आणि व्हिक्टर हारा यांची गाणी. हारा यांना १९७३ च्या लष्करी बंडानंतर स्टेडियममध्ये नेऊन मारलं होतं.

आणि मग जून १९८९, ब्रातिस्लावा. कम्युनिस्ट चेकोस्लोव्हाकियातला सरकारी गीत महोत्सव, थेट प्रक्षेपण. तिने मंचावरून 'चार्टर ७७' या मानवी हक्कांसाठी लढणाऱ्या गटाच्या लोकांना नमस्कार केला आणि बंदी असलेल्या एका गायकाला वर बोलावलं. ध्वनिक्षेपक बंद केला गेला. ती तशीच, माइकशिवाय, गायली. सरकारविरोधी नाटककार वाक्लाव हावेल तिथे होते. पोलिसांनी उचलू नये म्हणून ते तिची गिटार हातात धरून तिच्या सोबत्यासारखे वावरत होते. वर्ष संपायच्या आत तेच राष्ट्राध्यक्ष झाले.

म्हणून मला वाटतं १९७९ चं पत्र सुटं बघू नये. हनोई, सांतियागो, ब्रातिस्लावा, १९९३ मध्ये बोस्नियातलं, वेढ्यातलं साराएव्हो, सगळीकडे तिने एकच पाहिलं: आत कोण आहे आणि कुलूप कोणाच्या हातात आहे.

सावरीचं_बोंड

तिच्या २०१८ च्या निरोपाच्या दौऱ्यातला एक कार्यक्रम मी ऐकला. आवाज पुष्कळ खाली उतरला होता, जुनी गाणी खालच्या पट्टीत बांधली होती. उंच सुरांसाठी सोबत एक तरुण गायिका, तालवाद्यांवर मुलगा गेब्रियल. वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात १९६९ मध्ये ती सहा महिन्यांची गरोदर असताना गायली होती ना, तोच हा मुलगा! तिने कुठेही जुना आवाज असल्याचा आव आणला नाही. आहे त्या आवाजात जे नेमकं बसेल तेच गायली, आणि मला तर काही गाणी पूर्वीपेक्षा जास्त भिडली. जुलै २०१९ मध्ये माद्रिदला तिने दौरे थांबवले.

मीरा_नागपूरकर

२०१३ मध्ये ती हनोईला परतही गेली होती, मेट्रोपोल हॉटेलखालच्या त्याच तळघरात उतरली. जिथल्या सरकारला तिने इतकं कडक पत्र लिहिलं, तिथल्या लोकांनी तिचं स्वागत केलं.

चौथा_खांब

मीराताई, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण लोक आणि सरकार यांत फरक करणं हाच तर वाद आहे. तरी माझं म्हणणं कायम ठेवतो: पत्र रास्त, पण सोबत निर्बंधांविरुद्धही तेवढ्याच मोठ्या अक्षरांत छापायला हवं होतं. आज तिच्या जागी कुणी असेल तर त्याने दोन्ही करावं.

रानवाट

त्याला माझीही सही.

गोंधळी

ऐकून आलो हनोईची बाजू. दोनदा लावली. शाहिरांशी केलेली तुलना बाजूला ठेवतो, हा प्रकारच निराळा आहे. रानवाट, व्हिक्टर हारांवर वेगळा धागा काढाल का? शेतमजुराचा मुलगा, नाटकाचा दिग्दर्शक आणि गायक. अमर शेखांच्या शेजारी ठेवून त्याच्याबद्दल बोलायला मला आवडेल.

रानवाट

काढतो की, रविवारी. पण अमर शेखांचा भाग तुम्ही लिहायचा.